कौलांची रीत

अँटेनाच्या वायरीवरची काळी टेप हेरंबने सोडवली आणि आतलं पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं. पावसाची सर आली की तात्यांचं नेट बंद पडायचं. ही तिसरी खेप. चौथ्यांदा तक्रार आली तर नोकरी जाणार होती.

खाली शिडी धरून उभे असलेले तात्या म्हणाले, "टेप वरून खाली गुंडाळतोस होय? जन्मभर लोकांची घरं शाकारली मी. कौलं खालून वर चढवत न्यायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही."

हेरंबने टेप खालून वर गुंडाळली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. शिडी उतरताना मात्र तो अर्ध्यावर थबकला.

परवाच्या उघडिपीत घाटातल्या दवाखान्यावर त्याने अँटेना बसवली होती, टेप वरून खाली गुंडाळून. तिथे डॉक्टर नेटवरूनच रोगी तपासत.

समोरचा घाट पावसात दिसेनासा झाला होता.