पाव फेरा

"परत जड!" मिस्त्री म्हणाला आणि चटका बसावा तसा त्यानं फ्लँजच्या चकतीवरून हात काढला.

शेडमध्ये कुंड्या भरायच्या टेबलावर मागच्या चाकांच्या गिअरचं डबडं, म्हणजे डिफ्रन्शियल, बोल्ट मारून बसवलेलं होतं. बाहेर व्हॅन, मागची चाकं काढून विटांवर टेकवलेली. व्हॅन त्याच्या बायकोची, नर्सरी तिची, शेडही तिचंच. मिस्त्रीचं इथं आता काहीच नव्हतं.

वर्षभरापूर्वी दोघं वेगळी झाली. मोठं भांडण वगैरे काही नाही. तो सदानकदा गॅरेजमध्ये, ती झाडांत, बोलणं आटत गेलं आणि एक दिवस त्यानं बॅग भरली. ती "थांब" म्हणाली नाही, त्यानं "राहू का" विचारलं नाही. झालं!

मग व्हॅन मागून घूं घूं करायला लागली आणि तिनं फोन केला. "कुणी चांगला मिस्त्री आहे का तुमच्या ओळखीचा?"

आता हे विचारायचं कुणाला, तर त्यालाच! तासाभरात हजर.

"बेअरिंग गेलीत," तो म्हणाला. "गॅरेजला कशाला न्यायची, रविवारी इथंच करून देतो."

पहिल्या रविवारी ती चहा घेऊन स्टुलावर बसली होती. त्यानं तिला बांगडीएवढी एक लोखंडी नळी दाखवली.

"ही स्लीव्ह. नट आवळला की ही चेपते आणि बेअरिंगवर दाब येतो. दाब कमी पडला तर परत आवाज, जास्त झाला तर बेअरिंग जळणार."

"आणि जास्त आवळला गेला तर? सैल करायचा?"

"छे! चेपलेली नळी परत फुगते होय? सगळं खोलायचं, नवी घालायची, पहिल्यापासून सुरू."

"अरे बापरे," ती म्हणाली आणि तिनं चहा संपवला.

फ्लँजला पट्टी अडकवून, लांब पाइपावर भार देत त्यानं नट केसभर फिरवला. मग फ्लँज हातानं फिरवून बघितला. परत केसभर. मधात चमचा फिरवल्यासारखं लागलं तेव्हा थांबला. एवढ्यातच संध्याकाळ झाली, उरलेलं काम पुढच्या रविवारवर गेलं.

आणि पुढच्या रविवारी फ्लँज जड. नवी स्लीव्ह. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

स्पेअर पार्टवाला तर खूश. "मिस्त्री, स्लीव्ह काय तळून खाताय का? वहिनी बिचाऱ्या सायकलवर कुंड्या बांधून फिरतायत, आणि तुमचा एक नट बसेना!" त्यानं डोळा मारला. "चालू द्या, चालू द्या."

"मुद्दाम नाही करत रे मी."

"मी कुठं काय म्हणालो? बरं, नटावर रंगाची रेघ मारली होती का? म्हणजे कळतं, कुठं थांबलो ते."

"रेघ नवशिके मारतात. माझा हात म्हणजे तराजूचा काटा."

म्हणाला खरा, पण आतून हादरला होता. मुद्दाम करावं असं त्याला वाटलं नव्हतं का? हजारदा वाटलं होतं. दाराजवळचा खिळा, ज्यावर त्याचा शर्ट असायचा, तो अजून रिकामाच होता. चहा त्याच्याच जुन्या, कान तुटलेल्या कपात यायचा. हात धुवायला तो मुद्दाम वेळ लावायचा. पण काम बिघडवायचं? ते त्याच्या हाताला जमलंच नसतं. म्हणजे बिघडलं ते आपोआप. म्हणजे हातच गेला.

"घरात होतास तेव्हा वर्षानुवर्षं नळ गळत होता," सासूबाई ओसरीवर मटार सोलता सोलता म्हणाल्या. "आता बघा उत्साह!"

"सासूबाई, हात गेला हो माझा."

"हात नाही, डोकं गेलंय तुझं."

ती चहा घेऊन आली. तळहाताला चिकटपट्टी.

"काय झालं हाताला?"

"गुलाबाचे काटे. दुसरं काय?"

त्यानं कप खाली ठेवला. "हे बघ, तुझं किती दिवस अडवून ठेवू? पुढच्या रविवारी दुसरा मिस्त्री पाठवतो. तरुण आहे, हात चांगला आहे त्याचा."

सासूबाईंचे मटार थांबले.

"दुसरा कुणी नको," ती म्हणाली. "तूच कर."

वर्षभर ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती.

तो परत शेडमध्ये गेला. नवी स्लीव्ह घातली, श्वास रोखून नट आवळला. मधात चमचा. अगदी तस्साच. मग इकडंतिकडं बघत खिशातनं पांढऱ्या रंगाची बाटली काढली आणि नटावरून फ्लँजवर एक बारीक रेघ ओढली. खालच्या बाजूनं, कुणाला दिसू नये अशी. लाजच वाटत होती. असला नट काही स्वतःहून हलत नाही, त्याला पाइपच लागतो. रेघ जुळलेली असली आणि तरीही जड लागलं, तर हात गेला. मग गॅरेज धाकट्या भावाला देऊन टाकायचं. ठरलं.

तो आठवडा त्याला धड जेवण गेलं नाही.

रविवारी शेडमध्ये कुणी नव्हतं. त्यानं फ्लँजला हात लावला.

जड.

मग गुडघ्यावर बसून त्यानं टॉर्च लावला.

फ्लँजवरची रेघ खाली होती. नटावरची पाव फेरा पुढे.

त्यानं कोपऱ्यातला पाइप उचलला. धरायच्या टोकाला चिकटपट्टीचा एक तुकडा चिकटलेला होता. त्यानं तो नखानं सोलून खिशात टाकला. मग फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं, दोन्हीकडची रेघ स्वच्छ पुसली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "अगं, ऐकलंस का! परत जड! हात पार गेला बघ माझा!"