बानित्साचे नऊ तुकडे

इन्स्पेक्टर स्तामेनोव्ह वर्गात शिरले आणि नेव्हेनाबाईंची नजर थेट गेली ती त्यांच्या मिशांवर. केवढ्या त्या मिशा! वरचा ओठ पार बुडालेला, खालचाही जेमतेम शिल्लक.

"बसा ना, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांसाठी त्यांनी मुद्दाम पुढे, खिडकीच्या उजेडात खुर्ची मांडली होती. साहेब मात्र सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले आणि वही उघडून मान खाली घातली. झालं! बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

रोडोपीच्या डोंगरातल्या या शाळेत सात मुलं उरली होती आणि शिकवायला एकट्या बाई. जिल्ह्याच्या कचेरीत कुणीतरी तक्रार केली होती: बाई शिकवतच नाहीत, पोरंच एकमेकांना शिकवतात, बाई नुसत्या उभ्या राहून बघतात. वर्ग बाईंकडे राहणार की उद्या दुसरं कुणी येणार, ते आजच्या तासावर ठरायचं होतं.

आणि वर्ग गेला तर बाईंकडे राहणार होतं काय? नवरा चार वर्षांपूर्वी वारला. प्लोव्हदिवची बहीण फोन करकरून थकली आणि रुसून बसली. चर्चच्या गायनातून बाईंनी दोन वर्षांपूर्वी नाव काढून घेतलं, चौकातल्या कॉफीच्या दुकानातही जाणं सोडलं. शेफारली आहे, असं बायका म्हणत असणार. म्हणोत बापड्या. या सात पोरांखेरीज बाईंना दिवसभर दुसरं माणूस नव्हतं. रविवारचं घर तर खायला उठायचं.

टेबलावर मोठी गोल बानित्सा होती. आत चीज, वर खुसखुशीत पदर. सकाळी बाईंनीच भाजून आणलेली.

"सगळ्यांना सारखी वाटायची," बाई म्हणाल्या. "कशी, ते तुम्ही ठरवा."

एवढं बोलून त्या फळ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. तिथून सगळा वर्ग दिसायचा.

स्पास पुढे आला. "सात जण, सात तुकडे. सोपं आहे."

"मग काप की मापाने," येलित्सा त्याच्या शेजारी येऊन म्हणाली. "दोनदा खोडलंस कागदावर, मी बघितलंय."

"तू काप, शहाणे!"

"साहेबांना धरा ना! आठ होतात. अर्धं, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं. आहे काय नि नाही काय!"

"म्हणजे साहेब एवढा घाट चढून आले ते तुझ्या सोयीसाठी?"

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, किंचित उशिरा.

बाईंची नजर स्पासच्या कागदावर होती. तेवढ्यात कालिना बाकावरून उठली आणि बाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. नऊ वर्षांची पोर, पण आजीचा आव.

"साहेबांचा प्रश्न असा आहे, बाई, की मुलं चुकतायत तर तुम्ही सांगत का नाही?"

"मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल, साहेब," बाई मागच्या बाकाकडे बघून म्हणाल्या. "चूक त्यांची त्यांना सापडली, तर ती जन्मभर पुरते."

साहेब उठून भिंतीजवळ गेले. तिथे वर्गाचे नियम चिकटवले होते. पहिला बाईंचा: बोलायचं ते पुढे येऊन, सगळ्यांकडे तोंड करून. खालचे तीन मुलांनी आपणहून जोडलेले: एका वेळी एकानेच बोलायचं. प्रश्न कुणाचाही असो, उत्तराआधी तो पुन्हा मांडायचा. वर्गात मफलर हनुवटीच्या खाली. पद्धत पोरांच्या अंगात मुरली म्हणून बाईंना त्या तीन नियमांचं कोण कौतुक!

साहेबांनी चौथ्या नियमावर बोट ठेवलं.

"साहेब विचारतायत, मफलरचा नियम कशाला?" कालिनाने वळून सांगितलं. मग साहेबांना म्हणाली, "उकडतं हो आम्हाला."

मार्च होता. खिडकीच्या कठड्यावर अजून बर्फ होता.

"आणि आठ चूक आहे," कालिना पुढे म्हणाली. "बाईंना कुणी धरलंच नाही. बाई धरून नऊ."

पोरांनी बोटांवर पुन्हा मोजलं. स्पासने डोकं खाजवलं आणि एकदम उडी मारली. "तीन करायचे! मग एकेकाचे पुन्हा तीन!"

बाईंना भरून आलं. आपल्याला कुणी मोजावं, असं त्यांच्या आयुष्यात अलीकडे घडलंच नव्हतं.

निघताना साहेबांनी हात मिळवला. मिशा बराच वेळ हलल्या. चांगलं की वाईट, चेहऱ्यावरून काही पत्ता लागेना.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

साहेबांचा तुकडा टेबलावरच राहिला होता. कालिनाने तो कागदात गुंडाळला आणि पळत त्यांच्यामागे गेली. बाई बंद खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. अंगणाच्या पार पलीकडे, फाटकाजवळ, तिने साहेबांना गाठलं. शाळेकडे पाठ असलेले साहेब वाकून तिला काहीतरी विचारत होते. कालिनाने मान वर केली. तिचा चेहरा खिडकीच्या बाजूला होता, आणि बाईंनी रोजच्यासारखे तिचे ओठ वाचले:

"बाईंना ऐकू येत नाही, हे लिहू नका ना, साहेब. आणि आम्हाला ते माहीत आहे, हे बाईंना सांगू नका."