सावलीची मान

रॉयस भावोजींना आता बेंडिगोच्या मैदानावर फुटबॉल बघायला नेता येत नाही, म्हणून माझ्या मोठ्या बहिणीने, ग्लेनिसताईने, माझ्याच दुकानातून प्रोजेक्टर घेतला. एका गिऱ्हाइकाने तो परत केला होता. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

भर दुपारी ताईच्या घरी, भावोजींच्या खोलीत खिडक्या झाकून मी तपासणी सुरू केली. आधी नुसतं काळं चित्र लावलं. काळं कसलं, धुरकट राखाडीच.

"झकास!" मी म्हणालो.

मग पूर्ण पांढरं चित्र लावून, उजेड मोजायचा मीटर घेऊन पडद्याजवळ गेलो. कडा पिवळट होत्या.

"कडेपर्यंत स्वच्छ आहे, ताई."

तेवढ्यात पडद्यावर माझी सावली दिसली. तिची मान खाली होती. मी हनुवटी वर केली, तरी तिची मान खालीच.

"डेन्झिल, अशी काय रे तुझी सावली?" ताई हसली. "बाबा ओरडले की तू असाच उभा राहायचास."

"लेन्स जरा तिरकी बसलीय."

सावलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या हातांत मीटर तसाच होता.

माझे कान तापले. मी झटकन बाजूला सरकलो. पडद्यावर सावली एकटीच उरली.

ताईचं हसू मावळलं. खाटेवरून भावोजी आशेने तिच्याकडे बघत होते. ती पडद्यापाशी गेली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "खरं सांग बाळा, चांगला आहे ना हा?"

सावलीने हात खाली घेतले, मान वर केली, आणि माझं तोंड आपोआप उघडलं.