सहावं कार्ड

बँकवाल्या बॅरनचा खून कोणी केला, या एकाच प्रश्नानं लोथारला उभा जन्म छळलं होतं. हा खून मूकपटांच्या काळातल्या एका सिनेमातला, आणि तो सिनेमा केव्हाच जळून खाक झाला होता. उरली होती फक्त त्याच्या जाहिरातीची सहा कार्डं. पुढच्या बाजूला चित्र, मागे गोष्टीचा एकेक तुकडा. पाच कार्डं लोथारकडे होती. सहाव्यापायी त्यानं बर्लिनमधला एकही जुना बाजार सोडला नव्हता.

या रविवारी ते सापडलं, पण कुणा शहाण्यानं ते अल्बममध्ये सरसानं घट्ट चिकटवलेलं. चित्रात गुप्तहेर खुन्याचा बुरखा ओढत होता आणि खुनी नेमका पाठमोरा होता.

घरी येताच लोथारनं अल्बमचं ते पान उकळत्या किटलीच्या वाफेवर धरलं.

"इथे बटाटे उकडायचे राहिलेत आणि तू खुनी उकडत बसलायस!" त्याची बायको गुड्रुन म्हणाली.

"जरा गप्प बस गं! आज नाव कळणार."

"माळी असेल. नेहमी माळीच असतो."

"माळी दुसऱ्या कार्डावरच मेलाय!" लोथार खेकसला.

अखेर कार्ड सुटलं. लोथारनं चष्म्यावरची वाफ पुसली, कार्ड उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं.



"खुनी कोण? येत्या शुक्रवारी थिएटरात येऊन स्वतःच पाहा! हे कार्ड दाखवणाऱ्यास तिकीट अर्ध्या दरात."