घरातलं उदाहरण

“या वयात इंग्रजीचा क्लास? दोन दिवसांत सोडशील,” मी चपला घालत असताना ह्यांनी ऐकवलंच. शिलाई मशीन घेतलं तेव्हाही हेच म्हणाले होते. त्या मशीनवर आता ह्यांचे बनियन वाळतात.

क्लासच्या तरुण बाईंनी त्या दिवशी नेमका ‘डिस्करेजिंग’ शब्द शिकवला. “ज्यानं माणसाची उमेद खचते, ते डिस्करेजिंग. उद्या येताना घरातलं एक उदाहरण आणा.” बाकीच्या बायका विचारात पडल्या. मला फार लांब जावं लागलं नाही.

संध्याकाळी ह्यांच्या हातात चहा देत मी गोड हसून म्हणाले, “यू आर व्हेरी डिस्करेजिंग.”

शब्द ह्यांच्या डोक्यावरून गेला. पण तीस वर्षं हेडक्लार्क म्हणून मिरवलेल्या माणसाला ‘कळलं नाही’ म्हणणं कसं जमणार? मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “थँक्यू.” मग शेजारच्या गॅलरीत ऐकू जाईल अशा आवाजात, “आमची ही आता इंग्रजीत कौतुक करते बरं का!”

दुसऱ्या दिवशी न सांगता स्कूटर काढली. मला क्लासच्या दारात उतरवलं आणि छाती पुढे काढून बाईंना स्वतःची ओळख करून दिली, “मॅडम, आय अ‍ॅम व्हेरी डिस्करेजिंग.”

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. हे स्कूटरकडे वळल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “काकू, उदाहरण वहीत आणायचं होतं, स्कूटरवर नाही.”