पुढच्या चाकाच्या जागी स्की

शहाण्णव साली गाझियाबादच्या नव्या सोसायटीत राहायला आल्यावर निवृत्त सुभेदार खंडेरावांनी मोटारसायकलचं पुढचं चाक काढलं आणि फोर्कला बर्फावर घसरणारी स्की बसवली.

"साहब, यहाँ बर्फ सिर्फ शरबत में मिलती है!" शेजारचे त्यागीजी पोट धरून हसले.

जानेवारीत टेम्पोत गाडी घालून नवरा-बायको शिमल्याजवळच्या बर्फाळ कुफरीला पोहोचले. खंडेरावांनी मागच्या चाकाला साखळी गुंडाळली, किक मारून गाडी चालू केली आणि ते बाजूला झाले. साडीखाली त्यांचीच फौजी पँट चढवलेली विजयमाला सीटवर बसली.

"जपून हं," ते म्हणाले.

"जपायचं कशाला? सियाचीनमध्ये तुमच्या पायाची चार बोटं खाल्लीत ह्या मुडद्या बर्फानं. आज ह्याच्या छाताडावरून गाडी घालते!"