रोज येणारा नवीन पाहुणा

“आला! परत आला!” उक्कीने कॉफीचा कप टेबलावर आदळला आणि दारामागची हॉकीची काठी उचलली.

शनिवार-रविवारसाठी राहायला आलेल्या तूलीने कपाळावर हात मारला. उक्कीच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, संगणकाच्या कोपऱ्यात ती राखाडी चौकट पुन्हा उगवली होती. ‘नवीन उपकरण जोडले गेले आहे. ४७-सी२-९ई.’ बस्स, एवढंच. कोण जोडलं गेलं, कुठून आलं, आता काय करायचं, कशाचा पत्ता नाही. खाली एकच बटण: ‘ठीक आहे’.

“काय डोंबल ठीक आहे?” उक्की ओरडला. “घरात कोणीतरी घुसलंय आणि हा म्हणतो ठीक आहे!”

“घरात नाही रे उक्की, घराच्या वायफायवर.”

“म्हणजे घरातच ना?”

याचं उत्तर तूलीला येत होतं. पण ते उक्कीला कळेल असं सांगता येत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

आजी वसंतात गेली. तेव्हापासून थंडर बे शहराच्या बाहेर, तळ्याकाठच्या या घरात उक्की एकटा राहायचा. सॉनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, खोली स्वतः तापवायचा, लाकडं स्वतः फोडायचा, पुल्ला नावाचा गोड पाव स्वतः भाजायचा आणि थोडा जाळायचाही. सगळं छान चाललं होतं. फक्त रोज संध्याकाळी ही चौकट उगवायची, आणि उक्की रेयोमामाला फोन करायचा, “पोरा, कोणीतरी आलंय.” मामा तिकडून अगदी खात्रीने सांगायचा, “बाबा, तिथे चिटपाखरूसुद्धा नाही.” असं होता होता मामाने ठरवून टाकलं की बाबांना भास होतात. शहरातल्या वृद्धाश्रमात खोली बघून झाली होती. रविवारी तो न्यायला येणार होता. आजीच्या अंत्यविधीनंतर या घरी पहिल्यांदाच येणार, आणि तेही बापाला उचलून न्यायला!

एका फालतू चौकटीपायी माणसाचं घर सुटणार होतं. तूलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हे वाक्य ज्याने लिहिलं ना,” ती शनिवारी सकाळी संगणकासमोर ठाण मांडत म्हणाली, “त्याला आजोबा नसणार. आजीही नसणार. तो थेट कारखान्यातून बाहेर पडला असणार!”

“खाऊन घे आधी,” उक्की म्हणाला.

“खाणार नाही. आधी याला माणसासारखं बोलायला शिकवते.”

शाळेत शिकलेलं सगळं तिने पणाला लावलं. घरातली एकेक वस्तू जोडून बघितली आणि तिला नाव दिलं. दुपारपर्यंत चौकट मोठ्या ठसठशीत अक्षरांत बोलायला लागली. ‘उक्की, तुझं छपाईचं यंत्र जागं झालं.’ ‘उक्की, कानातलं यंत्र जोडलं गेलं, आता तुला ऐकू येईल.’ उक्की हे वाचून खो खो हसला. पण ४७-सी२-९ई काही सापडेना. टीव्ही नाही, घड्याळ नाही, वजनकाटा नाही. घरातल्या एकाही वस्तूचा तो क्रमांक नव्हता.

मग तिने मागच्या नोंदी उघडल्या आणि ती किंचाळलीच. “अरे, हा रोज तोच आहे! रोज संध्याकाळी येतो, थोडा वेळ थांबतो, जातो. आणि हा मठ्ठ संगणक त्याला रोज नवीन म्हणतो! ओळख ठेवायची अक्कल नाही याला!”

“मी काय सांगत होतो?” उक्की शांतपणे म्हणाला. “पण मला भास होतात.”

तूलीने संगणकाला ओळख ठेवायला शिकवलं.

रविवारी ऊन उतरलं, तळं निळसर झालं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. ‘उक्की, रोजचा पाहुणा आलाय. नाव अजून माहीत नाही.’

पाठोपाठ दारावर थाप पडली.

उक्की काठी घेऊन धावला. तूली त्याच्या मागे. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर रेयोमामा. खांद्यावर बर्फ, हातात रिकामी सूटकेस.

“बाजूला हो,” उक्की म्हणाला. “तुझ्या मागे कोणीतरी आहे.”

मामाने तूलीकडे हताशपणे बघितलं. “बघितलंस ना? हे असं चाललंय. बाबा, मागे कोणी नाही.”

तूलीने वाकून बघितलं. वाटेवर फक्त मामाच्या बुटांचे ठसे होते. ती थबकली. मग हात पुढे केला.

“मामा, फोन दे.”

“कशाला?”

“दे म्हणते ना!”

तिने फोन बंद केला. दारातून दिसणाऱ्या पडद्यावर आलं, ‘पाहुणा गेला.’ तिने चालू केला. ‘पाहुणा परत आला.’

उक्कीने ओळ ओठ हलवत वाचली. पुन्हा वाचली. काठी हळूच भिंतीला टेकवली.

“रोज?” त्याने विचारलं.

मामाचे कान लाल झाले. “झाडांमागे ट्रक लावून बसतो थोडा वेळ. तुमचा दिवा लागला की जातो. फोन आपोआप जोडला जातो हे मला कुठे ठाऊक होतं?”

“आणि तिथे बसूनच सांगायचास, चिटपाखरू नाही म्हणून?” तूलीचा स्वर टिपेला गेला. “मामा, तू पण ना! अरे, त्याला वेडा ठरवायला निघालास आणि—”

उक्कीने हाताने तिला थांबवलं.

“ती सूटकेस ट्रकमध्ये टाक,” तो मुलाला म्हणाला. “मी कुठेही येत नाहीये. आणि मूर्खा, एवढ्या थंडीत बाहेर कसला बसतोस? आत का आला नाहीस?”

मामा अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता.

“दार नेहमी आई उघडायची, बाबा.”